आत्याच्या भाजणीची वेबसाइट: कॅटेगरी आणि कीवर्ड कसे निवडायचे, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

वेबसाइट केली, पैसे गेले, गूगलवर दुकानाचं नाव टाकलं की आपली साइट पहिली येते, पण नाव सोडून दुसरं काहीही टाकून बघा, खाली खाली जात बोट दुखतं तरी आपला पत्ता नाही. हे मला दर चार दिवसांनी कोणीतरी सांगतं, आणि बहुतेक वेळा गडबड एकाच जागी असते, ती म्हणजे साइटवर दुकानदाराचे शब्द आहेत आणि गिऱ्हाईक टाइप करतंय भलतेच शब्द. गिऱ्हाईक शोधताना जे शब्द टाकतं त्यांनाच कीवर्ड म्हणतात.

मी गिरगावात राहते, छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट सांभाळते. इथे उदाहरण घेते आमच्या आत्याचं. तिचा घरगुती धंदा आहे, बारा महिने भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि दिवाळीला फराळ. तिची साइट मीच केली आणि तिच्यावर जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या सगळ्या मीच केल्या, त्यामुळे कोणाला नावं ठेवायचा प्रश्न नाही.

सुरुवात करण्याआधी एक जुनं भूत उतरवून टाका. पुष्कळ लोकांना अजून वाटतं की साइटच्या कोडमध्ये एक 'मेटा कीवर्ड' नावाचा रकाना असतो, त्यात स्वल्पविराम देऊन शंभर शब्द कोंबले की झालं. गूगलने २००९ मध्येच जाहीर सांगितलंय की रँकिंगसाठी, म्हणजे कोण वर कोण खाली ते ठरवताना, आम्ही तो रकाना बघतच नाही. तसंच डिरेक्टरीचं, म्हणजे विषयवार लावलेल्या साइटींच्या यादीचं. एके काळी याहूची डिरेक्टरी होती, डीमॉझ होतं, तिथे माणसं बसून साइटी कॅटेगरीत लावायची, तेव्हा बरोबर कॅटेगरीत जाणं ही मोठी गोष्ट होती. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या शेवटी बंद झाली, डीमॉझ २०१७ मध्ये गेलं. तरी आजही फोन येतात, मॅडम पाचशे डिरेक्टरीत सबमिशन करून देतो, पहिल्या नंबरची गॅरंटी. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही असं गूगल स्वतः सांगतं, तेव्हा फोन ठेवा आणि पुढचं वाचा.

पायरी १: कुठलंही टूल उघडायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडा

मी हे उशिरा केलं, तुम्ही पहिल्यांदा करा. आत्याच्या साइटवर मी मेनूत लिहिलं होतं 'परंपरेची चव', 'सणांची लगबग', 'आरोग्याचा ठेवा'. वाचायला काय गोड वाटत होतं! सहा महिन्यांत त्या पानांवर आले ते आमचे नातेवाईक आणि मी.

मग एका रविवारी दुपारी आत्याच्या स्वयंपाकघरात तिचा फोन आणि एक दोनशे पानी वही घेऊन बसलो. ती चष्मा वर करून मेसेज वाचायची आणि मी जसाच्या तसा लिहून घ्यायचे, शुद्धलेखन न सुधारता. 'काकू भाजणी आहे का', 'थालीपीठाची भाजणी १ किलो', 'उपवासाची भाजणी मिळेल?', 'चकलीचं पीठ हवंय', 'फराळ अमेरिकेला पाठवता का', 'चकली भाजणी दादरला कुठे मिळेल', 'बेसन लाडू साजूक तुपातले का'. दोन तासांत चार पानं भरली. 'परंपरा' हा शब्द त्यात एकदाही नव्हता.

एका शब्दावर तर वादच झाला. 'चकलीचं पीठ' असं मेसेजात चार-पाच वेळा आलं तेव्हा आत्या वैतागली, म्हणाली अगं पीठ काय पीठ, भाजणी आहे ती, डाळी-तांदूळ भाजून दळलेत, पीठ म्हणायचं असेल तर वाण्याकडे जा म्हणावं. तिचं बरोबर आहे. पण ज्या मुलीच्या घरी हे कधी झालंच नाही, जी पहिल्यांदा दिवाळीला चकली करायला निघालीय, तिला भाजणी हा शब्द ठाऊक नसणार, ती 'चकलीचं पीठ' असंच टाइप करणार, आणि गिऱ्हाईक म्हणून आपल्याला तीच हवी आहे. शेवटी तोडगा असा निघाला की पानाचं नाव 'चकली भाजणी' आणि पहिल्याच वाक्यात 'चकलीचं पीठ म्हणून अनेकजण मागतात ती ही भाजणी'. आत्याचा मानही राहिला आणि दोन्ही शब्द पानावर आले.

तुमचा धंदा वेगळा असेल, क्लासेस असतील, शिवणकाम असेल, पेस्ट कंट्रोल असेल, पण मेसेज, फोनवरचे प्रश्न, काउंटरवर विचारलेलं, हे तुमच्याकडे असणारच. किमान तीसेक वाक्यं जमवा. कुठल्याही महागड्या टूलमध्ये हा माल नाही.

पायरी २: आता गूगललाच विचारा

वहीतला एकेक शब्द गूगलच्या चौकटीत टाका आणि एंटर न मारता थांबा. खाली ज्या ओळी येतात त्या लोक खरोखर शोधतात त्यातूनच आलेल्या असतात. मग शब्दापुढे एक जागा सोडून क, म, र अशी अक्षरं टाकून बघा, दर वेळी यादी बदलते. एंटर मारल्यावर मधे कधी कधी प्रश्नांची चौकट येते आणि पानाच्या तळाशी संबंधित शोध येतात, तेही वहीत. हे सगळं इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी, विंडोमध्ये करा, नाहीतर तुमच्या जुन्या शोधांची सावली त्यात येते, आणि हेही लक्षात ठेवा की गूगलला तुम्ही कुठे बसलाय ते साधारण कळतं, त्यामुळे गिरगावात बसून दिसलेलं बोरिवलीत तसंच दिसेल असं नाही.

मराठी लोकांची एक वेगळी भानगड आहे ती म्हणजे लिपी. तोच माणूस सकाळी देवनागरीत 'उकडीचे मोदक' टाकेल, दुपारी इंग्रजी अक्षरांत तेच मराठी शब्द टाकेल आणि संध्याकाळी सरळ इंग्रजीत मोदकांची ऑर्डर शोधेल. तिन्ही वेगवेगळं टाकून बघा, निकाल वेगळे दिसतील. आत्याच्या बाबतीत असं दिसलं की पदार्थ कसा करायचा हे शोधताना देवनागरी बऱ्यापैकी येते, विकत घ्यायचं म्हटलं की लोक रोमन अक्षरांवर आणि इंग्रजीवर उडी मारतात. म्हणून तिच्या मालाच्या पानांवर नाव देवनागरीत आहे आणि लगेच खाली एका ओळीत तेच नाव रोमन अक्षरांतही आहे. त्याच पानाच्या तीन लिप्यांत तीन कॉप्या मात्र करू नका. लिहिण्याचे प्रकारही बघा, थालीपीठ आणि थालिपीठ, गिरगाव आणि गिरगांव. गूगल हे फरक बरेचसे समजून घेतं, तेव्हा प्रत्येक स्पेलिंगसाठी नवं पान नको.

कुठला शब्द कधी जास्त शोधला जातो ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स फुकट आहे, तेही उघडा, वर महाराष्ट्र निवडा आणि 'फराळ' टाका. दिवाळीच्या आधी सुळका वर जातो आणि नंतर धपकन खाली, हे डोळ्यांनी बघितलं की पान कधी तयार हवं ते कळतं. पण त्यातले ० ते १०० आकडे म्हणजे किती लोकांनी शोधलं ते नाही हं, त्या काळातला सगळ्यात जास्त शोध म्हणजे १०० धरून बाकीची तुलना आहे. खरे आकडे हवेत तर गूगल अ‍ॅड्सचा कीवर्ड प्लॅनर आहे, खातं लागतं, जाहिरातीवर पैसे खर्च करत नसाल तर तो १०० ते १ हजार असे मोठे पट्टे दाखवतो, नेमका आकडा नाही. आपल्याला तेवढं पुरे. आणि छोटा शब्द दिसला म्हणून फेकू नका, महिन्याला वीस जणांनी 'उपवासाची भाजणी १ किलो' शोधलं आणि त्यातल्या पाच जणांनी घेतली तर मला ते नुसत्या 'मसाला' शब्दाच्या गर्दीपेक्षा परवडतं, कारण त्या गर्दीत मोठमोठ्या कंपन्या बसल्यात आणि आत्या तिथे कुठे दिसणार.

पायरी ३: शोधणाऱ्याला हवंय काय ते ओळखा

आता वहीत शे-दीडशे ओळी असतील. प्रत्येकीपुढे खूण करा, विकत घ्यायचंय का, शिकायचंय का, की नुसतं कुठे आहे ते विचारतोय. 'चकली भाजणी रेसिपी' टाकणारी बाई भाजणी विकत घ्यायला आलेली नाही, तिला प्रमाण हवंय. तिला मालाच्या पानावर आणलंत तर ती दोन सेकंदांत मागे फिरेल.

खात्री कशी करायची? तो शब्द गूगलवर टाका आणि वर काय येतंय ते बघा, एवढंच. पहिल्या पानावर सगळे रेसिपीचे व्हिडिओ आणि ब्लॉग असतील तर गूगलने ठरवलंय की लोकांना रेसिपी हवी, तुमचं विक्रीचं पान तिथे घुसणं जवळपास अशक्य. नकाशा आणि दुकानं असतील तर तिथे दुकान चालेल. मी एक अख्खा महिना 'चकली रेसिपी' या शब्दासाठी आत्याच्या विक्रीच्या पानाशी झटापट केली, शेवटी कंटाळून एक साधा लेख लिहिला, चकली तेलात विरघळते तेव्हा काय चुकतं. आत्या म्हणते मोहन जास्त झालं की असं होतं, आणि ती एकदा सांगायला लागली की थांबत नाही, त्यामुळे लेख चांगला लांब झाला. लेखात शेवटी भाजणीच्या पानाची लिंक. लोक शिकायला येतात, त्यातले काही म्हणतात जाऊ दे बाई, तयारच घेऊ.

पायरी ४: कॅटेगरी

इथे जरा थांबा, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

साइटवरची कॅटेगरी म्हणजे दुकानातली फळी. गिऱ्हाईक आत आलं, वर बघितलं, आणि कुठल्या फळीकडे जायचं हे त्याला न विचारता कळलं पाहिजे. आत्याकडे माल एकूण एकोणीस प्रकारचा, आणि मी कॅटेगरी केल्या होत्या तेवीस! शिवाय टॅग, म्हणजे वस्तूला चिकटवलेले शब्द, शंभराच्या वर. वर्डप्रेस, म्हणजे ज्यावर ही साइट बनवलीय ते सॉफ्टवेअर, प्रत्येक कॅटेगरीचं आणि प्रत्येक टॅगचं वेगळं पान आपोआप बनवतं, म्हणजे आत्याच्या साइटवर सव्वाशे पानं अशी की ज्यांच्यावर एक नाहीतर दोन वस्तू, बाकी रिकामं. 'कुरकुरीत' टॅगच्या पानावर चकली, 'खुसखुशीत' टॅगच्या पानावर तीच चकली. गूगलने यातलं कुठलं दाखवायचं?

दुरुस्ती कागदावर केली. एकोणीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक पदार्थ, त्या ओट्यावर पसरल्या आणि आत्याला सांगितलं तुझ्या मांडणीवर लावशील तशी लाव. तिने दहा मिनिटांत चार ढीग केले: भाजणी आणि पिठं, मसाले, मेतकूट-चटण्या, दिवाळी फराळ. मी म्हटलं उपवासाचं वेगळं नको का? ती म्हणाली उपवासाचं माझ्याकडे दोनच आहे, दोन डब्यांसाठी कोणी फळी ठोकतं का. तिने कधी कॉम्प्युटर उघडला नाही पण नियम तिचाच बरोबर, तीन-चार वस्तू झाल्याशिवाय कॅटेगरी नाही.

मग ढिगाला नाव देताना वही उघडायची. 'भाजणी' हे नाव ठेवलं कारण लोक तेच शोधतात. 'मेतकूट-चटण्या' यात शोधाचा शब्द सरळ आहे. प्रत्येक कॅटेगरीच्या पानावर वर तीन-चार वाक्यं लिहा, काय मिळतं, किती दिवस टिकतं, कुठे पोचवता. हे पान नुसतं यादीचं ठेवू नका, कारण 'भाजणी ऑनलाइन' सारख्या मोठ्या शब्दाला बहुधा हेच पान वर येणार, एकट्या वस्तूचं नाही.

बारीकसारीक पटापट सांगते. वूकॉमर्स, म्हणजे वर्डप्रेसवर दुकान चालवायची सोय, वापरत असाल तर लेखांच्या कॅटेगरी वेगळ्या आणि मालाच्या वेगळ्या असतात, दोन्हींत तीच नावं ठेवून गोंधळ घालू नका. एक वस्तू शक्यतो एकाच कॅटेगरीत. वर्डप्रेसची आपोआप येणारी 'अनकॅटेगराइज्ड' कॅटेगरी असते, तिचं नाव बदला, पाहुण्यांसमोर अडगळीची खोली उघडी ठेवल्यासारखं दिसतं ते. टॅग नसले तरी काही बिघडत नाही, असले तर एसईओच्या, म्हणजे साइट शोधात वर आणायच्या कामाच्या, प्लगिनमधून (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) त्यांची पानं नोइंडेक्स करून टाका, म्हणजे गूगल ती शोधात दाखवणार नाही. फराळाची कॅटेगरी वर्षभर तशीच ठेवा, दिवाळी संपली म्हणून डिलीट करून पुढच्या वर्षी नवी करू नका, आणि पानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) सालाचा आकडा घालू नका, जुन्या पानाने मिळवलेलं सगळं दर वर्षी शून्यावर येतं.

पायरी ५: एक पान, एक मुख्य शब्द

वहीत आता रेघा मारा, कुठला शब्द कुठल्या पानाचा. एका शब्दावर दोन पानं लढवायची नाहीत. प्रत्येक पानाला एक मुख्य शब्द आणि त्याचे दोन-तीन भाऊबंद.

तो शब्द कुठे यायला हवा, तर टायटलमध्ये (गूगलच्या यादीत दिसणारं पानाचं नाव), पानावरच्या मोठ्या मथळ्यात, पहिल्या परिच्छेदात, आणि पानाच्या पत्त्यात. आत्याच्या पानाचं टायटल आधी होतं 'होम – उत्पादने – भाजणी २'. आता आहे 'चकली भाजणी – घरगुती, ताजी दळलेली, मुंबईत घरपोच'. मेटा डिस्क्रिप्शनने, म्हणजे त्या नावाखालच्या एक-दोन ओळींच्या वर्णनाने, रँकिंग वाढत नाही पण माणूस ते वाचून क्लिक करतो, म्हणून त्यात वजन, टिकण्याचे दिवस असं कामाचं लिहा. गूगलला वाटलं तर दोन्ही स्वतःच बदलून दाखवतं, रागावून उपयोग नाही. पत्ता रोमन अक्षरांत आणि छोटा ठेवा, शब्दांमध्ये आडवी रेघ. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की टक्केचिन्हांची लांबलचक रांग होते आणि गिऱ्हाइकाला वाटतं काहीतरी व्हायरस आलाय.

आणि कोंबाकोंबी नको. 'आमची चकली भाजणी मुंबईतली उत्तम चकली भाजणी असून चकली भाजणी हवी असल्यास चकली भाजणीसाठी संपर्क करा', असं बोलणारा माणूस समोर आला तर तुम्ही दोन पावलं मागे सराल. गूगल याला स्पॅममध्ये धरतं. शब्द किती टक्के हवा असं जादूचं प्रमाण कुठेही नाही, मोठ्याने वाचून बघा, जीभ अडखळली की एक काढा.

मुंबईवाल्यांचा खास मोह म्हणजे स्टेशनं. चर्चगेटपासून विरारपर्यंत प्रत्येक स्टेशनचं एक पान, मजकूर तोच, फक्त नाव बदललेलं. मीही दादर, परळ, माटुंगा करून बसले होते. अशा पानांना डोअरवे म्हणतात, तेही गूगलच्या नियमात बसत नाही. खरंच त्या भागात वेगळं काही असेल, म्हणजे दादरला माल ठेवायची जागा आहे, पत्ता आहे, वेळ वेगळी आहे, तर पान करा. नाहीतर एकाच डिलिव्हरीच्या पानावर कुठे कुठे पोचवता ते नीट लिहा.

पायरी ६: नकाशावरची कॅटेगरी

'जवळ भाजणी कुठे मिळेल' असं शोधणाऱ्याला आधी नकाशा दिसतो, आणि तिथलं दुकान येतं गूगल बिझनेस प्रोफाइलमधून, म्हणजे धंद्याची माहिती गूगलवर भरायच्या खात्यातून. तिथे कॅटेगरी स्वतःच्या मनाने लिहिता येत नाही, गूगलच्या यादीतूनच घ्यावी लागते. एक मुख्य आणि जास्तीत जास्त नऊ इतर. मुख्य जी असेल तिचं वजन जास्त, म्हणून ती तुमच्या धंद्याच्या जितकी जवळची मिळेल तितकी घ्या, आणि उरलेल्या नऊ भरल्याच पाहिजेत असं नाही. मी आत्यासाठी आधी हौसेने 'केटरर' टाकलं, तर तिला लग्नाच्या पंगतीचे फोन यायला लागले, तीनशे पानं, बासुंदी-पुरी, आणि ती मला फोन करून ओरडायला लागली. आठवड्यात काढलं.

नावात कीवर्ड घुसवू नका, पाटीवर जे नाव तेच प्रोफाइलवर. घरून धंदा असेल आणि तुम्ही माल पोचवत असाल तर पत्ता लपवून फक्त भाग दाखवता येतो. बाकी नकाशावरचा क्रम तीन गोष्टींवर चालतो, शोधाशी जुळतंय का, शोधणारा किती लांब आहे, आणि दुकान किती नावाजलेलं आहे. अंतर तुमच्या हातात नाही, रिव्ह्यू मागणं आहे.

पायरी ७: जुनं मोडताना दार उघडं ठेवा

तेवीसच्या चार कॅटेगरी केल्या त्या रात्री मी जुन्या सरळ उडवल्या आणि खुशीत झोपले. दुसऱ्या दिवशी आत्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने फोटो पाठवला, 'पान सापडले नाही'. जुनी लिंक त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेली, वीस जणांना तेच दिसलं. जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट लावायचं असतं, म्हणजे जुनी लिंक उघडणारा आपोआप नव्या पानावर जातो, प्लगिनने पाच मिनिटांचं काम, आणि ते डिलीट करायच्या आधी करायचं. सगळे जुने पत्ते एका शीटमध्ये डावीकडे, नवे उजवीकडे, मगच हात लावा. गूगलकडे तुमची कुठली पानं आहेत ते ढोबळ बघायचं असेल तर शोधात इंग्रजीत 'साइट', मग कोलन, मग जागा न सोडता तुमचं डोमेन टाका.

पायरी ८: सर्च कन्सोल, महिन्यातून एकदा

गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल, फुकट आहे, साइट सुरू केल्या दिवशी जोडा, कारण जोडायच्या आधीचे आकडे फारसे मिळत नाहीत. परफॉर्मन्सच्या रिपोर्टमध्ये दिसतं की कुठल्या शब्दाला तुमची साइट किती वेळा दिसली, किती क्लिक आले, सरासरी कितव्या जागेवर. मी आधी ८ ते २० जागेच्या मधले शब्द बघते, ते दारात उभे आहेत, टायटल नीट केलं, मजकुरात दोन कामाचे परिच्छेद घातले की आत येऊ शकतात. एखाद्या शब्दावर क्लिक करून पेजेसचा टॅब उघडा, तिथे दोन पानं आलटूनपालटून दिसत असतील तर ती आपसात भांडतायत, एकाला माघार घ्यायला लावा. बदल केला की चार दिवसांत हाताला लागत नाही, काही आठवडे द्या, फराळासाठी तर मी गणपतीच्या आधीच पान नीट करून ठेवते. इथे १६ महिन्यांचाच डेटा राहतो, म्हणजे या दिवाळीची मागच्या दिवाळीशी तुलना होईल, त्याच्या मागचीशी नाही, म्हणून दर वर्षी शीट उतरवून ठेवा.

गेल्या खेपेला अशीच यादी आत्याला वाचून दाखवत होते, तर मधेच एक ओळ आली, 'भाजणी भाजून दिली तर दळून मिळेल का'. थोड्या वेळा दिसलेली, क्लिक शून्य, कारण साइटवर तसं काही नव्हतंच. मी पुढे जाणार तेवढ्यात ती म्हणाली थांब, परत वाच. मग फोन उचलून खालच्या गिरणीवाल्याला विचारलं, सकाळी गहू दळायच्या आधी गिरणी मोकळी असते ना, दोन किलोच्या आतलं घेशील का. तो हो म्हणाला. वहीत नवीन ओळ लिहिली, पुढे खूण केली 'विकत', आणि संध्याकाळी त्याचं पान करायला बसले.